हातानं मोडलेली भाजी

दुपारची झोप ही चैन आहे आणि ती मी सोडत नाही. पोस्टात होते तेव्हा साऱ्या दुपारी खिडकीपलीकडच्या लोकांशी हुज्जत घालण्यात गेल्या. आता जेवण झालं, ओटा पुसला, की मी स्वयंपाकघराच्या गार फरशीवर भिंतीला पाठ लावून बसते आणि बसल्या बसल्या पेंगते. गादीवर मला झोप येत नाही, फरशीवर येते. आज मांडीवर सूप आहे, सुपात घेवडा आहे आणि संध्याकाळच्या भाजीसाठी मी त्याच्या शिरा काढते आहे. शेंगेचं टोक मोडायचं, खाली ओढायचं, म्हणजे कडेची शीर दोऱ्यासारखी निघून येते. मग शेंग बोटांनीच मोडायची. आमच्या घरात विळी नाही. सुरीही नाही.

त्याचं कारण माझा थोरला भाऊ, प्रल्हाददादा. त्याचं रक्त थांबत नसे. जन्मापासूनचं दुखणं. हिमोफिलिया हे त्याचं नाव आम्हाला फार उशिरा कळलं, आमच्या विटा गावात तोवर सगळे 'पातळ रक्ताचं पोर' म्हणायचे. कुठं खरचटलं तरी आई हवालदिल होई, म्हणून तिनं घरातली विळी एके दिवशी देऊन टाकली. तेव्हापासून कांदा बुक्कीनं फोडायचा, वांगं भाजून कुस्करायचं, गवार, भेंडी, घेवडा हातानं मोडायचा. शेजारच्या काकू तर दादा आला की आपल्या विळीवर पाटी पालथी घालत. अठराव्या वर्षी दादाची एक किडकी दाढ हलली, पडली, रक्त थांबेना, आणि तेवढ्यानं तो गेला. त्यानंतर विळी आणायला कुणाची हरकत नव्हती. कुणी आणली नाही.

माझी लेक केतकी अशाच घरात वाढली. साऱ्या जगात भाजी अशीच करतात, असं तिला लग्न होईपर्यंत वाटत होतं. सासरी पहिल्या दिवशी तिनं ओट्यावर कांदा ठेवून जी बुक्की मारली, ती ऐकून सासूबाई देवघरातून धावत आल्या. "सुरी आहे गं बाई!" तर ही म्हणाली, "आमच्यात नाही वापरत." त्या बिचाऱ्यांना वाटलं, आमचा हा कुळाचार असणार. सुनेचा आचार मोडायला नको म्हणून आता त्यांच्याकडेही नवरात्रात नैवेद्याची भाजी हातानं मोडतात. मी दोनदा खुलासा करायला गेले आणि दोनदा गप्प बसले. काय सांगणार?

हे दुखणं बायका वाहतात आणि पुरुष भोगतात. आईनं ते वाहिलं, मी वाहिलं, केतकीनं वाहिलं. आम्हा तिघींना कधी काही झालं नाही. आता केतकी आणि निनाद, आमचे जावई, मुलासाठी धडपडताहेत. कितीतरी खटाटोपांनंतर प्रयोगशाळेत एकच गर्भ धरला आहे. तो मुलगा आहे, आणि त्याच्यात ते आहे. आपल्याकडे पुढचं काही करायला परवानगी नाही. पण एका लहानशा देशात ती नुकतीच मिळाली आहे. तिथले डॉक्टर म्हणतात, हा गर्भ आईच्या पोटात ठेवायच्या आधीच त्याच्यातला तो एवढासा दोष आम्ही दुरुस्त करून देतो. त्याला होणार नाही, त्याच्या मुली ते वाहणार नाहीत, त्यांच्या मुलांना होणार नाही. कायमचं गेलं.

काल केतकीचा फोन आला. "आई, उद्या संध्याकाळी त्यांना कळवायचंय. तू नको म्हणालीस तर आम्ही नाही करणार." आयुष्यभर या मुलीनं माझं एक ऐकलं नाही. शाळा, कॉलेज, नवरा, सगळं स्वतःच्या मर्जीनं. आणि आता हे एवढं मोठं ओझं उचलून माझ्या डोक्यावर ठेवते! मी म्हटलं, "अगं, आता त्यावर इंजेक्शनं आहेत की. बरी आहेत ती मुलं." ती म्हणाली, "आहेत. पण तू मामाबरोबर वाढलीस. तू सांग." मी रात्रभर तळमळले. खरं सांगायचं तर माझं 'नको' तयारच होतं. ते का आहे, हे मात्र तिला सांगता येईना.

शेंगा दिसताहेत. मग शेंगा दिसत नाहीत, नुसता हिरवा रंग दिसतो. बाहेर कुणाची तरी मोटारसायकल सुरू होते आणि सुरूच होत राहते. हात आपोआप चाललेत.

"शीर राहिली बघ," समोरून कुणीतरी म्हणतं.

दादा बसला आहे. उभ्या पट्ट्यांचा शर्ट, विस्कटलेले केस, उजवा पाय लांब केलेला. माझ्या सुपातल्या मूठभर शेंगा त्याच्या पुढ्यात आहेत आणि तो त्या माझ्यापेक्षा भराभर मोडतो आहे. मला आश्चर्य वाटत नाही. इतका वेळ कुठं होतास, असं विचारावंसं मात्र वाटतं.

"अगं माले, म्हातारी झालीस की तू!" तोच आधी बोलतो. "आईपेक्षा म्हातारी दिसतीस."

"मग? तू थांबलास, मी चालत राहिले."

"आता मी तुला आजी म्हणू व्हय?"

"म्हणून तर बघ." त्याला दादा म्हणायचं की बाळा म्हणायचं हे मलाच कळत नाही. मिशी फुटलेली नाही नीट. माझ्या नातवाच्या वयाचा आहे, नातू असता तर. "गुडघा दुखतोय का रे?"

"न्हाई. तिकडं काय दुखत न्हाई."

"मग पाय असा लांब का?"

तो पायाकडे बघतो, जणू तो आत्ताच त्याला दिसला. मग गुडघा सहज दुमडतो, परत लांब करतो. "सवय गं. तिकडं पण मी लंगडतच चालतो. लोक लांबनं वळखतात, पल्हाद आला म्हणून."

मी हसते. "केतकीचं कळलं का तुला?"

"कळलं की. फोनवर तू एवढ्या मोठ्यानं बोलतीस, वरपर्यंत येतंय ऐकू."

"मग सांग ना, काय सांगू तिला?"

तो शेंग मोडतो. माझ्या खालची फरशी कोमट लागायला लागते. मी सूप खाली ठेवून उठायला जाते, तर माझा हात भट्टीच्या कट्ट्याला लागतो.

आम्ही तमिळनाडूत सेलमला आहोत, आमच्या वडिलांच्या, आप्पांच्या दुकानात. आमच्या भागातले लोक गलाईच्या धंद्यासाठी कुठंकुठं जाऊन राहतात. जुने दागिने गाळायचे, हीण काढायचं, चोख सोनं हातात द्यायचं. आप्पाही गेले होते. आम्ही मुलं उन्हाळ्यात त्यांच्याकडे जायचो आणि दादाला भट्टीजवळ यायची बंदी असायची. आज तो अगदी भट्टीपाशी उकिडवा बसला आहे. आप्पा चिमट्यानं मूस उचलतात, तिच्यात सोनं लालबुंद हलतं आहे. आप्पांच्या अंगावर तोच भोकं पडलेला बनियन आहे. त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

"आप्पा," दादा विचारतो, "हीण काढताना सोनं जात न्हाई व्हय?"

"जातं की थोडं." आप्पा वर न बघता बोलतात. "कुठं उडतं, कुठं चिकटतं. आपल्याला दिसत न्हाई."

"मग?"

"मग काय! गाळून झालं म्हणून लगेच शटर वढून घरला जायचं नसतंय. थांबायचं. जमीन झाडायची. झाडलेलं परत बघायचं, काय गेलं, कुठं गेलं. आज झाडायची, उद्या झाडायची. ज्याला झाडायचा कटाळा, त्यानं या धंद्यात यिऊ नये." एवढं बोलून ते मला म्हणतात, "माले, लेकराला लांब धर." मी कडेवर बघते. कडेवर कुणी नाही, पण हाताला वजन लागतं आहे. मी दोन्ही हातांनी ते सांभाळते.

मागचं दार ढकलून आम्ही बाहेर पडतो तर बाहेर रस्ता नाही, साडीचं दुकान आहे. पांढऱ्या गाद्या, भिंतीला आरसे, वर गरगरणारे पंखे. गळ्यात टेप अडकवलेला हसरा माणूस आम्हाला हात धरून बसवतो. "या ताई, या! चहा घेणार? नातू दाखवू ना?"

"आम्हाला फक्त एक दोष काढून हवा होता," मी म्हणते.

"काढू की! तो काढायला कितीसा वेळ लागतो. पण आलाच आहात तर बघून तरी घ्या." आणि तो फडाफड उलगडायला लागतो. समोर काय पडतं आहे हे मला नीट दिसत नाही, पण तो सांगतो तसं ते होत जातं. "हा उंचीला बघा. ह्याच्यात रंग उजळ येईल. हा गणितात. हा बघा, ह्याला राग येतच नाही, काल दोन गेले यातले." माझी मान हलायला लागते. मी कशाला खोटं बोलू? मला मोह होतो. साडीच्या दुकानात मला नेहमीच होतो.

"सर्दी न होणारा आहे का?" मी विचारते. "आमच्या जावयांकडे सगळे बारा महिने शिंकतात."

"आहे ना! सर्दी नाही, घोरणं नाही, वर चष्माही लागणार नाही. देऊ?"

"आणि गळा? गळा असलेला?"

"माले," दादा माझा पदर ओढतो. "आपण कशाला आलोवतो?"

"बघू दे ना जरा."

"मला निवडलं असतंस यातनं?"

मी गादीवरच्या ढिगाकडे बघते. उंच, उजळ, हुशार, न चिडणारे, एकावर एक पडलेले. दादा बुटका होता. काळा होता. गणितात तर असा की मास्तरांनी हात टेकले होते. आणि चिडका! पत्त्यांत हरला की पत्ते उधळून द्यायचा. मला लाज वाटते. मी उठते. तो माणूस दारापर्यंत मागे येतो, "ताई, नंतर नाही मिळायचं हं," म्हणत राहतो. दादा लंगडत पुढे चालला आहे आणि मी त्याच्या मागे.

दुकानाची पायरी उतरलो तर पायाखाली शाळेच्या मैदानाची माती लागते. मैदानात पंगत बसली आहे. पानं मांडलेली, पाण्याचे तांबे भरलेले, लांबपर्यंत माणसंच माणसं. माझ्या हातात भाजीचं पातेलं आहे. म्हणजे वाढायचं मलाच आहे. मी वाकून वाढत जाते आणि एकेका चेहऱ्याकडे बघते. ओळखीचं कुणी नाही, पण एकाचं कपाळ आईसारखं आहे, एकीची हनुवटी निनादसारखी. मग माझ्या ध्यानात येतं. हे सगळे अजून व्हायचे आहेत.

मी त्यांचे गुडघे बघते. सगळे मांडी घालून बसले आहेत. एकाचाही पाय लांब नाही. आणि पानांवर घेवड्याची भाजी आहे, हातानं मोडलेली, वेडीवाकडी. ते ती खाताहेत.

"भाजी अशी का गं मोडतात आपल्यात?" एक बाई शेजारणीला विचारते.

"काय माहीत. आधीपासून अशीच."

दादा हे ऐकतो आणि फुटतोच हसायला. मांडीवर थापा मारून हसतो. "ऐकलंस का माले? आईनं विळी दिली ती अजून परत आली न्हाई!"

मीही हसणार असते, तेवढ्यात पंगतीतली एक तरुण मुलगी पानावरचा हात उचलते. केस बारीक कापलेले, डोळे दादासारखे काळेभोर. ती माझ्याकडे रोखून बघते आहे.

"तुम्हीच का त्या?" ती विचारते.

"कोण?"

"ज्यांच्यापासून हे सुरू झालं. माझ्या आजोबांना पोटात ठेवायच्या आधी बदललं, तेव्हा तुम्ही हो म्हणालात ना? आम्हाला कुणी विचारलं?"

माझ्या हातातलं पातेलं जड होतं. हाच प्रश्न. रात्रभर याच प्रश्नानं मला कूस बदलायला लावली होती. ज्यांना काही बोलता येत नाही त्यांच्या वतीनं आपण कोण बोलणार? काही चुकलं तर ती पोरं कुणाच्या दारात जातील? दादाच पुढे होतो. तो तिच्या शेजारी खाली बसतो, पाय लांब करून.

"मला पण कुणी इचारलं नव्हतं," तो म्हणतो. "असं रक्त पायजे का, म्हणून. कुणालाच इचारत न्हाईत बघ."

मुलगी त्याच्या गुडघ्याकडे बघते. तिचा आवाज खाली येतो. "बरोबर आहे. पण तुम्हाला ठाऊक तरी होतं, तुमच्यात काय आहे ते. मला नव्हतं. घरात सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे गप्प होते. मोठी झाल्यावर परक्या डॉक्टरांकडून कळलं." तिच्या डोळ्यांत पाणी आलं आहे. "बदललं त्याचा राग नाही हो मला. चांगली आहे मी. पण तुम्ही लपवलंत."

दादा माझ्याकडे बघतो. मी पातेलं खाली ठेवते, तिच्या पानासमोर बसते आणि तिचा हात धरते. हात ऊबदार आहे, खराखुरा. "नाही लपवणार," मी म्हणते. "अजून काहीच झालेलं नाही बाळा. मला अजून सांगायचंच आहे." ती नाक ओढते, मान हलवते आणि परत जेवायला लागते. भाजी तिनं थोडी आणखी मागून घेतली.

मैदान आता आमच्या जुन्या गल्लीत शिरलं आहे. दादा आणि मी घराकडे चाललो आहोत. ऊन कलतं आहे. तो लंगडतो, म्हणून मी हळू चालते, लहानपणी चालायचे तशी. आता विचारलं नाही तर कधीच विचारणार नाही, हे मला कळतं.

"दादा, ते दुखणं काढून टाकायचं म्हणजे... तू नको होतास, असं होतं का रे?"

तो थांबतो. "म्हणून 'नको' म्हणत होतीस व्हय?"

"मला तसं वाटतं. तुझ्यासारखं कुणी परत येऊच नये, म्हणून आम्ही खटपट करायची, डॉक्टरांकडे जायचं. तुला पुसून टाकल्यासारखं. आमच्यात आता तुझी खूण दुसरी कुठली राहिली आहे?"

दादा बंद दुकानाच्या फळीवर बसतो. मग हळूच बोलतो, आणि त्याचा हा आवाज मी कधीच ऐकलेला नाही.

"माले, दुखायचं गं लई. गुडघ्यात रगात साकळलं की वाटायचं, पाय तोडून टाका. तुम्ही सगळी झोपला की मी उशी चावायचो. सकाळी उठून तुला हसवायचो, म्हणून तुला वाटलं व्हय, ते बरं होतं?"

मी रडायला लागते. त्याच्या खांद्यावर डोकं टेकते. शर्टाला उन्हाचा वास येतो आहे.

"मी पायजे होतो, आईला, आप्पाला, तुला. मला काय ठावं न्हाई व्हय ते?" तो म्हणतो. "माझा गुडघा कुणाला पायजे होता? मला पण नको होता. तू दोन्ही एकात बांधून ठेवलंस इतकी वर्षं."

"मग हो म्हणू तिला?"

"ते मला नको इचारू." तो मान जोरात हलवतो, अगदी पत्ते उधळायच्या वेळेसारखा. "इंजेक्शनं आल्यात, ती पण बरीच झाली. ती दिली तरी पोरगं जगंल. काढलं तरी जगंल. पोर त्यांचं हाय, त्यांनी ठरवावं. माझं नाव फुडं करून नको म्हणू नको, आणि माझं नाव फुडं करून हो पण म्हणू नको. मला सोड की आता यातनं."

मला सोड. हे ऐकून मला वाईट वाटायला हवं. वाटत नाही. पाठीवरून काहीतरी उतरल्यासारखं वाटतं, आणि ते इतकं जड होतं हे उतरल्यावरच कळतं. मी डोळे पुसते. "बरं," मी म्हणते. "सोडलं."

"हात दे."

मी डावा हात पुढे करते. त्याच्या बोटांत घेवड्याची एक लांब शीर आहे, कधी आणली कुणास ठाऊक. लहानपणी भाऊबीजेला ओवाळणीत घालायला त्याच्याकडे काही नसलं की तो हेच करायचा. माझ्या करंगळीला शीर गुंडाळून त्याची अंगठी करायचा आणि आई ओरडायची, भाजीत खेळू नका म्हणून. तो डावखुरा. गाठ मारताना जीभ ओठांत धरायचा. आत्ताही धरली आहे.

"घट्ट झाली का?"

"नाही."

"मग जा. फोन वाजतोय तुझा."

फोन वाजतो आहे. मी डोळे उघडते. फरशी गार आहे, सूप कलंडून अर्ध्या शेंगा खाली पडल्या आहेत, खिडकीतून उतरतं ऊन ओट्यावर आलं आहे. मी धडपडत फोन उचलते.

"आई? किती वेळ फोन लावते आहे. ठीक आहेस ना?"

"झोपले होते गं."

"तुझा आवाज असा का येतोय? रडलीस?"

"रडले. मामा आला होता."

केतकीनं मामाला फक्त भिंतीवरच्या फोटोत बघितलं आहे. ती हलकेच विचारते, "काय म्हणाला?"

"मला यात घेऊ नका म्हणाला. तुमचं तुम्ही ठरवा म्हणाला. आणि मीही तेच म्हणते, केतकी. करायचं असेल तर करा, माझी हरकत नाही. नसेल करायचं तर त्या पोराला इंजेक्शन द्यायला मी येऊन राहीन. दोन्हीला मी आहे."

पलीकडे ती रडते आहे हे मला कळतं. मी तिला रडू देते. मग म्हणते, "पण केलंत तर तेवढंच करायचं. उंची, रंग, असलं काही दाखवायला लागले तर उठून यायचं. आणि ते डॉक्टर मुलाला दरवर्षी तपासायला बोलावतील म्हणालीस ना? कटाळा करायचा नाही. त्याच्या मुलांनाही न्यायला सांगायचं."

"आणि?"

"आणि लपवायचं नाही. कळता झाला की त्याला सगळं सांगायचं, त्याच्यात काय केलं आणि का केलं. त्यानं पुढे त्याच्या पोरांना सांगायचं. न विचारता केलं, एवढं पुरे आहे. वर आणखी गप्प नाही बसायचं."

"निनादच्या आईंना वाटतं, कुणाला कळायला नको."

"त्यांना मी सांगते. कांद्याचंही सांगून टाकते एकदाचं."

केतकी रडता रडता हसते. "नको गं! आता हौसेनं करतात त्या." मग विचारते, "पण आई, त्याला मामाबद्दल कसं सांगू? मलाच फारसं माहीत नाही."

"भाजी मोडायला बसव त्याला. तो विचारील, सुरी का नाही. तिथून सुरू कर. पुढचं मी सांगते तुला, रोज थोडं थोडं." आणि मी तिला तिथंच पत्ते उधळण्याचं सांगते. ती इतकी हसते की निनाद काय झालं म्हणून बघायला येतो.

फोन ठेवून मी खाली पडलेल्या शेंगा गोळा करायला वाकते, आणि डाव्या हाताच्या करंगळीत काहीतरी हिरवं दिसतं. घेवड्याची शीर. नीट गुंडाळलेली, वर बारीकशी गाठ मारलेली. झोपेत माझ्याच हातानं झालं असेल, म्हणून मी दुसरी शीर घेऊन एका हातानं तशी गाठ मारून बघते. जमत नाही. पुन्हा बघते, नाहीच जमत. शीर ताजी आहे, बोटाला ओलसर लागते आहे.

मी शेंगा मोडून भाजी फोडणीला टाकते. सुपातल्या बाकीच्या सगळ्या शिरा गोळा करून केराच्या डब्यात टाकल्या आहेत. एक ठेवली आहे.